इंजिनाच्या कट्ट्याला आक्काचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी माझ्या कट्ट्यावर बसू देत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ह्या सदरात येणारे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. मी धंद्याने फिटर, बेळगुंदीचा. सगळी उमर यंत्रं बसवण्यात गेली — ऑइल इंजिनं, पिठाच्या गिरण्या, शेंगा फोडायची यंत्रं. पाणसळीवर जे दिसतं आणि पान्ह्याला जे लागतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस आहे.

मग आज लिहायला का बसलो? रागाने. मध्ये निपाणीच्या बाजारात एका पानाच्या दुकानासमोर एक गृहस्थ चारचौघांत रंगवून सांगत होते — सदलग्याच्या अंगाला एक इंजिन आहे, त्याच्या कट्ट्याला साक्षात देवी पाणी घालायची, अजून नवसाला पावते, वगैरे वगैरे. ते इंजिन मी बसवलेलं आहे. तिथं कुठलीही देवी नव्हती. होती ती एक दमलेली बाई, आणि तिचा ओढलेला श्वास मी ह्या कानांनी ऐकलेला आहे. तेव्हा झालं ते जसंच्या तसं सांगतो. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. निपाणीहून सदलग्याकडे जाताना दूधगंगेच्या अलीकडे एक खेडं आहे. नाव लिहीत नाही, घरातली माणसं हयात आहेत. तंबाखू आणि शेंगा पिकवणारं बऱ्यापैकी घर. कर्ते आप्पा. त्यांनी रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली होती, तिथं इंजिन बसणार, त्यावर शेंगा फोडायचं यंत्र चालणार, पुढेमागे पिठाची गिरणही लागणार. पंचक्रोशीत पहिलंच इंजिन. आप्पांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

लोकांना वाटतं, इंजिन जड असतं म्हणून ते जागेवर बसून राहतं. अहो, जड असतं म्हणूनच राहत नाही! आडव्या सिलिंडरचं इंजिन प्रत्येक ठोक्याला पुढं-मागं हिसके देतं. खाली मुरुमापर्यंत खणून काँक्रीटचा भरीव कट्टा घालायचा, त्यात बोल्टांसाठी चौकोनी भोकं ठेवायची, कट्टा पुरता मुरला की वर इंजिन ठेवायचं, बोल्ट भोकांत सोडून सिमेंटने पक्के करायचे. कट्टा कच्चा राहिला तर इंजिन बोल्ट उपसून निघतं. मी पाहिलंय एका ठिकाणी. चाक भिंत फोडून बाहेर गेलं. भिंतीपलीकडे एक गडी भाकरी खात बसला होता. पुढचं लिहीत नाही.

आणि सिमेंट वाळून घट्ट होतं हा दुसरा गैरसमज. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. वर तरटं टाकायची आणि ती सतत ओली ठेवायची, निदान तीन आठवडे. उन्हाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून.

आम्ही कट्टा ओतला तो चैत्रात. संध्याकाळी आप्पांच्या बायकोने, म्हणजे वैनींनी, कट्ट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली. त्याला माझी काही हरकत नव्हती. खंडेनवमीला मीही माझे पान्हे पूजतो. मी आपलं माझं काम म्हणून सांगितलं, "आप्पा, पानी तोडायचं न्हाय. तरटं वाळली की कट्टा गेला म्हणून समजा. एक गडी लावून सोडा त्या कामाला."

"गडी कशाला? आक्का हाय की," आप्पा म्हणाले.

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, सासरचं कुणी उरलेलं नाही, म्हणून भावाकडे. भावाकडे म्हणजे काय, तर चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर. पहाटे घरभराचं दळण जात्यावर तीच ओढायची. त्या दिवशी खडीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांतही ती होतीच. हे ऐकायला ती समोर उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

विहीर शेडपासून खाली उताराला, ओढ्याच्या अंगाला. पायऱ्या उतरायच्या, घागर भरायची, पायऱ्या चढायच्या आणि मग तो चढ. चढ संपला की शेड. मी निघायच्या आधी तिच्या दोन-चार खेपा पाहिल्या. आली की घागर आधी कट्ट्याच्या दाराकडच्या कोपऱ्यावर टेकवायची, धाप ओसरू द्यायची आणि मग तरटांवर ओतायची. ओतायची मात्र नीट, कडेकडेने, एक कोपरा कोरडा सोडायची नाही.

"कवापतोर घालायचं रं पोरा असं?" तिने विचारलं.

"मी परत येऊन बघीपतोर, आक्का. मी पुरे म्हणीपतोर सोडू नगो."

"बरं. मी घालतो." आमच्याकडच्या बायका 'घालतो', 'जातो' असंच बोलतात. "इंजिन आलं की दळाण सुटंल म्हनत्यात. खरं व्हय?"

"खरं की. गिरण बी ह्याच इंजिनावर चालणार."

"मग जरा बसतो," ती म्हणाली आणि हसली.

इंजिनाच्या जिवावर काय काय करायचं ह्याचे बेत त्या घरात उठता-बसता चालायचे. कुणाला माडी बांधायची होती, कुणाला मोटार घ्यायची होती. आक्काचा बेत तेवढाच — बसायचं.

मी खानापूरकडे दुसऱ्या कामाला गेलो. ठरल्याप्रमाणे वैशाखात इंजिन बैलगाड्यांवर घालून परत आलो. शेडपाशी गाड्या थांबल्या, आप्पा सामोरे आले. डोकं भादरलेलं.

"आक्का गेली," ते म्हणाले. "विहिरीवरनं येताना चढाला पडली. भर दुपारची. घागर घरंगळत खाली गेली तवा लोकांस्नी कळलं. ऐन टायमाला गेली बघा! बरं तर बरं, सुतक काल फिटलं, न्हायतर इंजिन वाटंतच अडकून पडलं असतं."

ऐन टायमाला गेली! सख्ख्या बहिणीबद्दल हे शब्द. माझ्या ओठांवर शिवी आली होती, ती गिळली. मग एकदम दुसरं सुचलं.

"मग कट्ट्याला पानी कोण घालत होतं?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात चपला घालून शिरलोय. "सुतकात? पुजलेल्या कट्ट्याला? खुळं हायसा काय! शेड कुलूप लावून सोडली. किल्ली देवघरात."

बघा आता. नारळ फोडला म्हणून सिमेंटचा देव झाला, आणि देव झाला म्हणून सुतकात त्याला पाणी बंद. वैशाखाच्या उन्हात, पत्र्याखाली! आणि सुतक कुणाचं? जिवंतपणी जिला घरातलं माणूस म्हणून कधी धरलं नाही, तिचं. ते मात्र पुरं पाळलं. बाहेरचा एखादा गडी सांगता आला असता. तोही सुचला नाही, कारण फुकटची आक्का असताना गडी सांगायची सवयच त्या घराला नव्हती.

मी ओरडलोच. "हा कट्टा मी फोडणार. नवा घालणार. ह्याच्यावर मी इंजिन बसवणार न्हाय आणि दुसऱ्या कुणाला बसवू देणार न्हाय!"

आप्पाही तापले. गाड्या तशाच उभ्या ठेवून मी घण घेतला, किल्ली मागवली, कुलूप काढलं.

आत ओलाव्याचा वास आला. तरटं चिंब होती. टपकत होती. बोल्टांच्या भोकांत स्वच्छ पाणी काठोकाठ भरलेलं. तरट उचलून घणाने हलकेच ठोकलं, तर घंटेसारखा खणखणीत आवाज. कट्टा असा मुरला होता, की मी उभा राहून पाणी घातलं असतं तरी ह्याहून चांगला मुरला नसता.

मला बरं वाटलं. म्हटलं, असेल घरात कुणीतरी शहाणं, सुतक मोडून गुपचूप पाणी घालणारं. पण विचारलं तर सगळे शपथा घेऊ लागले. आणि जमीन पाहिली तर दारापासून कट्ट्यापर्यंत बारीक फुफाटा साठलेला, त्यावर पाऊल नाही. खिडक्यांचे गज यायचे होते म्हणून तिथं पत्रे ठोकलेले, ते जसेच्या तसे. खालून पाझर असेल म्हणून कट्ट्याच्या कडेला पहारीने खणलं. कोरडा ठणठणीत मुरूम.

दाराकडच्या कोपऱ्यावर मात्र घागरीच्या बुडाचं ओलं कडं होतं.

मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. माझा स्वभावच तसा, आधी तपासायचं. सगळी तरटं काढून रस्त्याकडेच्या कुंपणावर वाळत टाकली. भोकांतलं पाणी फडक्याने टिपून काढलं. कट्टा पुसून कोरडा केला. कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि दारासमोरच्या करंजाखाली गाडीच्या जुवावर बसून राहिलो. दार नजरेसमोर. आप्पांना म्हटलं, "आज इंजिन उतरायचं न्हाय." ते काहीतरी पुटपुटत घरी गेले.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, काही नव्हतं. भर दुपार. रस्ता भाजून निघत होता, माझ्याबरोबरचे गडी सावलीला घोरत होते. आणि शेडच्या आतून आवाज आला. घागर टेकवल्याचा. काँक्रीटवर पितळ टेकवलं की होतो तो. मग धाप... चढ चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाची, तोंडाने घेतलेल्या श्वासाची धाप. बराच वेळ. आणि मग पाणी ओतल्याचा आवाज — सावकाश, कडेकडेने.

मी उठून कुलूप काढलं. भीती म्हणाल तर वाटली नाही. मला त्या धापेचा राग आला होता. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. कट्ट्यावरून पाणी अजून ओघळत होतं, आणि त्या कोपऱ्यावर ओलं कडं.

मी आप्पांना बोलावून आणलं. मागोमाग वैनी, मागोमाग निम्मं गाव. आप्पांनी ते पाहिलं, पागोटं काढलं आणि कट्ट्याला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. पण बोलले काय? "आली बघा आमची आक्का! मेल्यावर बी तिला घर सुटंना!"

"तिला घर सुटंना असं न्हाय, आप्पा," मी म्हणालो, "घर तिला सोडंना! ह्याच पान्यापायी मेली न्हवं का ती?"

वैनींनी नारळ आणायला माणूस पाठवला.

कट्टा पक्का होता, तेव्हा तो फोडायला कारणच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, साखळीच्या कप्पीने इंजिन उचललं, लोखंडी पाचरांवर टेकवलं. पाणसळ ठेवून एकेक पाचर ठोकत आडवं-उभं सारखं केलं. बोल्ट सोडले, भोकांत सिमेंट ओतलं, वर पुन्हा तरटं टाकली. आता हे नवं सिमेंटही मुरायला हवं, मगच नट आवळायचे. म्हणजे पुन्हा पाणी.

मी आप्पांना म्हटलं, आता तरी गडी सांगा. आप्पा म्हणाले, "कशाला? आक्का घालायलीय की." आणि खरंच कुणी हात लावला नाही. दुपार झाली की सगळे बाहेर हात जोडून उभे, कान लावून. धाप ऐकू आली की बायका "आक्का, आक्का" म्हणून गहिवरायच्या. एक घागर उचलायला कुणी पुढं येईना! जिवंत होती तेव्हा ती धाप रोज ऐकू यायची की. तेव्हा एकालाही गहिवर आला नव्हता.

एके दिवशी मीच घागर घेऊन विहिरीवर गेलो. दुपारच्या आधीच सगळं ओलं करून ठेवायचं, म्हणजे तिला यायचं कारण उरणार नाही. पायऱ्या उतरलो, भरली, वर आलो. मी अंगापिंडाने मजबूत, लोखंड उचलणारा माणूस. त्या चढाला माझी छाती भरून आली. बोल्टांच्या भोवतीचं सिमेंट न्हाऊन निघेपर्यंत खेपा घातल्या. दुपार झाली. आतून घागर टेकली, धाप लागली, पाणी ओतलं गेलं.

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. दारासमोरचे सगळे हाकलले, गड्यांनाही बाहेर काढलं, आणि आत जाऊन इंजिनापाशी उभा राहिलो. रिकाम्या शेडमध्ये बोलायची लाज वाटली. तरी बोललो.

"आक्का, मी फिटर. मी आलोय. कट्टा बघितला, झ्याक झालाय. आता पुरे. हितनं फुडं पानी मी घालतो. तू बस."

मग चाकाच्या पलीकडून, भिंतीच्या अंगाला, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात देऊन खाली बसतं तसा आवाज आला. लुगड्याची सळसळ, आणि मागून, "आई गं..."

मी पलीकडे जाऊन पाहिलं नाही. ती कधी नव्हे ती बसली होती. आपण वाकून कशाला बघायचं?

त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दुपारी तरटं वाळली, ती मी ओली केली. नट आवळायच्या दिवसापर्यंत पाणी मीच घातलं, आणि गावासमोर घातलं, चढावरून घागर घेऊन. इंजिन चालू केलं तेव्हा कट्ट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. माझ्या हातून इतकं स्थिर बसलेलं इंजिन आधी नाही, नंतर नाही.

निघायच्या दिवशी वैनी शेडच्या दारात आल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

"आक्काचं पानी बंद झालं म्हनं. तुमी काय बोललासा तिला?"

मी सांगितलं.

"थांबिवलासा कशाला?" त्या म्हणाल्या. "पिठाच्या गिरणीचा कट्टा अजून घालायचा हाय की!"

त्या चेष्टा करत नव्हत्या. आत मला जेवायला पान वाढलं होतं, मी जेवलो नाही. हत्यारं गाडीत टाकली आणि निघालो. पिठाच्या गिरणीचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं असं नंतर कळलं.

ते पाणी कुठून आलं, कुलूपबंद शेडमध्ये कसं आलं, मला सांगता येत नाही. एका इंजिनिअरला विचारलं, त्याने पत्र्याला सुटणाऱ्या घामाचं काहीतरी सांगितलं. वैशाखात, भर दुपारी! आणि पत्र्याला धाप लागते काय, विचारलं तर त्याने विषय बदलला. दुसरं काही कुणी सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. आजही मी भुतं मानत नाही. जे ऐकलं ते ऐकलं, एवढंच.

पण पानवाल्यापुढचे ते गृहस्थ म्हणत होते, तिथं आता शेंदूर फासलेला दगड आहे. बायका ओटी भरतात. कुणी पोर मागतं, कुणी नोकरी, कुणाचा खटला अडलेला असतो. म्हणजे पुन्हा सगळ्या गावाची कामं तिच्याच डोक्यावर! ऐकून माझ्या अंगाची लाही झाली, म्हणून हे लिहिलं.

तुमच्यापैकी कुणाचं त्या बाजूला जाणं झालं, तर दगडाला हात जोडा, न जोडा, तुमची मर्जी. पण तिच्याकडे काही मागू नका.